डिचोलीचा दगड, बांबोळीचा एमआरआय आणि फेलिक्स ब्लॉख

थिअरॉटिकल फिजिक्सवाला माणूस दिवसभर नक्की करतो काय, हे बारावी सायन्सची मुलं आणि त्यांचे आईवडील मला दरवर्षी विचारतात, आणि फार्मसी, इंजिनिअरिंग, शिपवर जाणं या सगळ्याचं उत्तर गोव्यात घरोघरी पाठ असतं पण याचं कुणाकडे नसतं. आइनस्टाइनचं नाव घेतलं की मुलं गप्प होतात, ते आपल्या आवाक्यातलं नाही असं त्यांना वाटतं. म्हणून मी फेलिक्स ब्लॉख या स्विस फिजिक्सवाल्याची करिअर सांगतो. हा माणूस आधी इंजिनिअरिंगलाच गेला होता, कागदावर लाटा आणि स्पिनचं गणित करत करत पुढं प्रयोगाकडे वळला, आणि त्यानं जे केलं ते आज बांबोळीला, आपल्या गोवा मेडिकल कॉलेजात, एमआरआयला जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगातून जातं.

ब्लॉखच्या सगळ्या कामात मला एकच प्रश्न परत परत दिसतो. एकसारख्या असंख्य बारीक गोष्टी शेजारी-शेजारी आल्या की त्या मिळून काय करतात? एकट्या कणाचे नियम बहुतेक दुसऱ्यांनी शोधले, ब्लॉख समुदायाचं गणित मांडत राहिला. हे धरून ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

तर १९०५ साली झुरिकमध्ये जन्म, वडलांचा धान्याचा घाऊक व्यापार. १९२४ ला तिथल्याच टेक्निकल युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन, आणि साधारण वर्षभरात फिजिक्सला बदली. वेळ अशी साधली गेली की काय सांगू. लुई द ब्रॉय यांनी १९२४ मध्येच म्हटलं होतं की इलेक्ट्रॉनसारख्या कणालाही लाट मानता येते, आणि झुरिकच्या एका सेमिनारमध्ये प्रोफेसर डिबाय यांनी श्रोडिंगर यांना सांगितलं की त्या लाटेबद्दल एकदा बोला, ते बोलले, आणि मग डिबाय म्हणाले की लाटेबद्दल नीट बोलायचं तर लाटेचं समीकरण पाहिजे. काही आठवड्यांनी श्रोडिंगर समीकरण घेऊनच आले! हा किस्सा आपल्याला कळला तो ब्लॉखमुळे, कारण तो विद्यार्थी म्हणून तिथं बसला होता आणि पुढं म्हातारपणी त्यानं तो लिहून ठेवला. १९२६ चं ते समीकरण आज जगभर एमएस्सीला शिकवतात, ताळगावच्या पठारावर गोवा युनिव्हर्सिटीतही.

१९२७ ला डिबाय आणि श्रोडिंगर दोघंही झुरिक सोडून गेले, मग ब्लॉखही निघाला आणि जर्मनीत लाइपझिगला हायझेनबर्गकडे गेला, त्यांचा पहिला पीएचडी विद्यार्थी म्हणून. गाइडचं वय पंचविशीचं, विद्यार्थी बाविशीचा. पीएचडीसाठी प्रश्न मिळाला तो दिसायला एकदम साधा आहे: तांब्याच्या तारेतून करंट एवढ्या सहज कसा जातो?

यात अवघड काय ते बघा. तांब्यात अणू दाटीवाटीनं बसलेत, दोन शेजाऱ्यांमध्ये एका मिलिमीटरच्या चाळीस लाखाव्या भागाएवढं अंतर. इलेक्ट्रॉनला छोटी गोळी मानलं तर तो प्रत्येक अणूवर आपटायला पाहिजे. पण मोजमापं सांगत होती की साध्या रूम टेंपरेचरलाच तो शंभराहून जास्त अणू आरामात ओलांडतो आणि मग कुठंतरी त्याची दिशा बदलते, थंड केलं तर आणखी कितीतरी लांब जातो. हे कसं काय?

ब्लॉखनं इलेक्ट्रॉनला गोळी मानायचं सोडून श्रोडिंगरची लाट मानलं. लाट म्हणजे काय, तर ती जिथं जोरात तिथं इलेक्ट्रॉन सापडायची शक्यता जास्त. ही लाट प्रत्येक अणूवरून थोडी-थोडी विखुरते, पण सगळे अणू एकसारखे आणि एकसारख्या अंतरावर असल्यामुळं त्या विखुरलेल्या तुकड्यांचा एकमेकांशी मेळ बसतो, पुढच्या दिशेला ते एकमेकांत मिळतात आणि बाकीच्या दिशांना एकमेकांना पुसून टाकतात. राहते ती पुढं जाणारी लाटच, फक्त प्रत्येक अणूपाशी तिला तोच तोच आकार येतो. म्हणजे अणूंची शिस्तबद्ध रांग इलेक्ट्रॉनला अडवतच नाही, मग अणू कितीही दाट असोत! अडवते ती शिस्त मोडणारी गोष्ट. उष्णतेनं अणू थरथरतात, मध्येच एखादा परका अणू येतो, एखादी जागा रिकामी राहते, आणि तारेचा रेझिस्टन्स म्हणतो तो यातून येतो. म्हणून तर तार तापली की रेझिस्टन्स वाढतो. आपण अकरावी-बारावीत हे नुसतं पाठ करतो, कारण सांगितलं ते या पोरानं १९२८ मध्ये थीसिसमध्ये.

याच गणितातून पुढं निघालं की रांगेतल्या इलेक्ट्रॉनला सगळ्या एनर्जी चालत नाहीत, चालणाऱ्या एनर्जींचे पट्टे असतात आणि मध्ये रिकाम्या फटी. पट्टा अर्धवट भरलेला असला तर धातू, पूर्ण भरलेला आणि वरची फट मोठी तर इन्शुलेटर, फट लहान तर सेमीकंडक्टर. ही शेवटची मांडणी १९३१ मध्ये अ‍ॅलन विल्सन नावाच्या इंग्रज माणसानं केली, तीही लाइपझिगलाच राहून. ट्रान्झिस्टर आला १९४७ ला. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याच्या चिपचं डिझाइन या पट्ट्यांच्या हिशोबाशिवाय होतच नाही.

आता स्पिनकडे. इथं मला जरा सावकाश जायचंय कारण बहुतेक ठिकाणी हे चुकीचं सांगतात. १९२२ मध्ये स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत एका खास आकाराच्या चुंबकातून सोडला तर झोताचे सरळ दोन भाग झाले, मधलं काही नाही. का, ते तेव्हा कुणाला नीट कळलं नाही. १९२५ मध्ये हॉलंडच्या लायडनला उहलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी म्हटलं की इलेक्ट्रॉनला स्वतःचाच एक फिरण्याचा गुण आहे आणि त्यामुळं तो बारीक चुंबक आहे. लोरेन्ट्झ या ज्येष्ठ माणसानं हिशोब करून दाखवला की इलेक्ट्रॉन खरंच गोळा होऊन फिरत असेल तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा जास्त वेगानं जायला पाहिजे, ते तर अशक्य, मग ही दोघं घाबरली आणि पेपर मागं घ्या म्हणायला गेली, पण त्यांचे गाइड एरनफेस्ट यांनी तो आधीच पाठवून दिला होता.

लोरेन्ट्झ यांचा हिशोब बरोबर होता आणि पोरांची कल्पनाही बरोबर ठरली. कारण इलेक्ट्रॉन गोळा नाहीच, तो फिरतबिरत नाही. स्पिन हा चार्जसारखा, वजनासारखा त्याचा जन्मजात गुण आहे. कुठल्याही दिशेनं मोजा, उत्तर दोनच येतात, वर किंवा खाली. आणि हा बारीक चुंबक मॅग्नेटिक फील्डमध्ये ठेवला की त्याची दिशा त्या फील्डभोवती ठरलेल्या वेगानं घिरट्या घालते, फील्ड जेवढं जोरदार तेवढा वेग जास्त. हे घिरट्या घालणं लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यावर आहे.

लोखंडात असे अब्जावधी स्पिन एका दिशेला तोंड करून बसतात म्हणून लोखंडाचा चुंबक होतो. त्यांना एका दिशेला कोण धरून ठेवतं? स्पिन-स्पिनमधली चुंबकी ओढ एवढी कमकुवत असते की तिच्यावर विसंबलं तर परम शून्याच्या जेमतेम एखाद अंश वर गेलं की सगळं विस्कटेल, आणि लोखंड तर ७७० अंश सेल्सिअसपर्यंत चुंबकपण सोडत नाही. हायझेनबर्गनं १९२८ मध्ये दाखवलं की खरा जोर इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांना ढकलण्याचा आणि पाउलीच्या नियमाचा (दोन इलेक्ट्रॉन अगदी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) आहे, दोन्ही मिळून शेजारी स्पिनांना जुळवून ठेवतात.

मग ब्लॉखचा नेहमीचा प्रश्न आला. अशी जुळलेली रांग थोडी गरम केली तर काय होतं? एक स्पिन एकदम उलटा करायचा तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण, खूप एनर्जी लागते. पण पौष महिन्यात गावच्या मांडावर धालो, म्हणजे आपल्याकडचा बायकांचा नाच, बघितले असतील तर आठवा, बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून रांगेत झुकतात, त्यात एकीनं बाकीच्यांपेक्षा एकदम उलटं झुकायचं ठरवलं तर रांग तुटेल, पण प्रत्येकीनं शेजारणीपेक्षा अगदी किंचित मागाहून ठेका धरला तर रांग तुटत नाही, कुणाला ताण येत नाही, आणि त्या झुकण्याची एक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना दिसते. बायका जागेवरच आहेत, पुढं गेली ती लाट. स्पिनांचंही असंच, प्रत्येक जण घिरट्या घालताना शेजाऱ्यापेक्षा थोडासा मागं, आणि एका उलट्या स्पिनचा भार सगळ्या रांगेत वाटला जातो, त्यामुळं एनर्जी फार थोडी लागते. याला स्पिन वेव्ह म्हणतात, ब्लॉखनं १९३० मध्ये मांडली. त्यातून त्यानं हेही काढलं की कमी तापमानाला लोखंडाचं चुंबकपण कसं घटत जातं, तापमानाच्या दीड घाताच्या प्रमाणात, आणि मोजलं तर तसंच निघतं.

आता आपल्या दगडाकडे येऊ. डिचोली, साखळी, सांगे या बाजूला खाणी जोरात चालू असताना बार्जेस भरभरून मांडवी आणि जुवारीतून मुरगाव बंदरात जायच्या त्या खनिजात मुख्यतः हेमटाइट. शुद्ध हेमटाइटमध्ये वजनानं जवळपास ७० टक्के लोखंड असतं. आणि तरी त्याला चुंबक लावा, खिळा चिकटतो तसा तो चिकटत नाही! हे मुलांना करून दाखवलं की वर्गात खरी चर्चा सुरू होते, एवढं लोखंड गेलं कुठं?

लोखंड आहे तिथंच, त्याचे स्पिनही आहेत, पण हेमटाइटमध्ये लोखंडाच्या अणूंचे थर असतात आणि एका थराचे स्पिन एकीकडे तर पुढच्या थराचे बरोबर उलट, त्यामुळं बेरीज जवळजवळ शून्य. जवळजवळ म्हणतो कारण साधारण उणे १३ अंश सेल्सिअसच्या वर ते अगदी किंचित तिरके होतात आणि थोडंसं चुंबकपण उरतं, आणि गोव्याच्या हवेत ते कायमच उरणार. दुसरं खनिज मॅग्नेटाइट, त्यातही उलट-सुलट स्पिन आहेत पण दोन्ही बाजूंचं बळ सारखं नाही, म्हणून ते चुंबकाला झटकन चिकटतं.

थरांचे स्पिन उलटे आहेत हे बघितलं कसं? यातही ब्लॉखचा हात आहे, पण त्याआधी त्याच्या आयुष्यात मोठी उलथापालथ झाली. पीएचडीनंतर तो झुरिकला पाउलींकडे, मग हॉलंड, पुन्हा लाइपझिग, कोपनहेगनला बोर यांच्याकडे असा फिरत होता, आज पोस्टडॉक करणारी मुलं फिरतात तसाच. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ब्लॉख ज्यू. त्यानं जर्मनी सोडली, काही काळ रोमला फर्मींकडे राहिला आणि १९३४ मध्ये कॅलिफोर्नियाला स्टॅनफर्डला पोचला. त्या काळात अख्ख्या युरोपातून अशी माणसं हाकलली गेली आणि जर्मन विज्ञानाचं जे नुकसान झालं ते पुढं पिढ्यानपिढ्या भरून निघालं नाही, हे करिअरच्या गोष्टीत एका ओळीत उरकलं जातं याचं मला वाईट वाटतं. (जाता जाता, याच दरम्यान त्यानं वेगवान कण पदार्थातून जाताना इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत एनर्जी कशी घालवतो याचं बेथे यांचं सूत्र पुढं नेलं, कॅन्सरच्या प्रोटॉन थेरपीत ते आजही लागतं.)

स्टॅनफर्डला त्याचा डोळा न्यूट्रॉनवर गेला. न्यूट्रॉनला चार्ज नाही पण स्पिन आहे आणि तोही बारीक चुंबक. १९३६ मध्ये ब्लॉखनं मांडलं की मग न्यूट्रॉन चुंबकी पदार्थावर सोडला तर तो आतल्या स्पिनांवरून विखुरला पाहिजे, म्हणजे आतले स्पिन कसे लागलेत ते कळू शकतं. आणि इथं हा कागदवाला माणूस हात काळे करायला उतरला, १९३९ मध्ये बर्कलीच्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, लुइस अल्वारेझबरोबर त्यानं न्यूट्रॉनचं चुंबकपण प्रत्यक्ष मोजलं. पुढं अणुभट्ट्या आल्या, न्यूट्रॉन भरपूर मिळायला लागले, आणि १९५१ मध्ये अमेरिकेत क्लिफर्ड शल आणि सहकाऱ्यांनी हेमटाइटवर न्यूट्रॉन सोडून ते उलटे-सुलटे थर दाखवले. शल यांना १९९४ चं नोबेल मिळालं. २०१८ मध्ये तर हेमटाइटच्या स्फटिकातून स्पिन वेव्हनं माहिती केसाच्या जाडीच्या आसपासच्या अंतरापर्यंत नेऊन दाखवली, आणि हेमटाइट इन्शुलेटर आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन न वाहता, करंटची उष्णता न होता. आपण ते टनावर विकलं.

युद्धाच्या वर्षांत ब्लॉख थोडे दिवस लॉस अ‍ॅलमॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पात होता, मग हार्वर्डला शत्रूच्या रडारला चकवायच्या कामावर गेला. तिथं रेडिओ इलेक्ट्रॉनिक्स पक्कं शिकला आणि तेच घेऊन स्टॅनफर्डला परतला.

आता एमआरआय. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, प्रत्येकाच्या गाभ्यात एक प्रोटॉन, आणि प्रोटॉनलाही स्पिन. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे मॅग्नेटिक फील्डच्या जोराचं माप) चुंबकात ठेवला की तो सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख घिरट्या घालतो, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ, एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडं खाली. पण अंगाच्या उष्णतेमुळं प्रोटॉन वर-खाली असे मिसळलेले असतात आणि फील्डच्या बाजूचे थोडेसेच जास्त, किती थोडे, तर दहा लाखांमागं पाचेक. एवढ्यावर काय दिसणार असं कुणालाही वाटेल. पण एका मिलिलिटर पाण्यात प्रोटॉन किती, तर ६७ वर २१ शून्यं! त्यांच्या दहा लाखांतले पाच म्हणजे सुद्धा अफाट संख्या.

ब्लॉखनं इथं केलेली गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्यानं प्रत्येक प्रोटॉनचं क्वांटम गणित करत बसायचं सोडून सगळ्यांची बेरीज घेतली, एकच बाण, आणि त्या बाणासाठी तीन साधी समीकरणं लिहिली. रेडिओची लाट बरोबर त्याच फ्रिक्वेन्सीची पाठवली की बाण आडवा पडतो आणि फिरायला लागतो, फिरणारं चुंबकपण शेजारच्या तारेच्या कॉइलमध्ये व्होल्टेज तयार करतं, बारावीचा फॅराडेचाच नियम. मग बाण हळूहळू पूर्वीच्या जागी येतो, त्याला किती वेळ लागतो तो टी-१, आणि फिरता फिरता स्पिन एकमेकांच्या ठेक्यातून सुटतात तो वेळ टी-२. १९४६ मध्ये हॅन्सन आणि पॅकार्ड यांच्याबरोबर ब्लॉखनं पाण्यात हा सिग्नल पकडला. त्याच सुमाराला हार्वर्डला पर्सेल, टॉरी आणि पाउंड यांनी पॅराफिन मेणात पकडला, दोन्ही ग्रुप एकमेकांपासून स्वतंत्र. १९५२ चं नोबेल ब्लॉख आणि पर्सेल यांना मिळून.

एमआरआयच्या रिपोर्टवर टी-१, टी-२ लिहिलेलं असतं ते हेच दोन वेळ. चरबीचा टी-१ लहान, मेंदूभोवतीच्या पाण्याचे टी-१ आणि टी-२ दोन्ही खूप मोठे, म्हणून टी-१ च्या चित्रात चरबी पांढरी आणि टी-२ च्या चित्रात पाणी पांढरं. सिग्नल शरीराच्या कुठल्या जागेवरून आला ते ओळखायची युक्ती १९७३ मध्ये पॉल लाउटरबर यांची, फील्ड जागेजागेवर थोडं वेगळं ठेवायचं म्हणजे घिरट्यांचा वेग जागेजागेवर वेगळा, ती पुढं वेगवान केली पीटर मॅन्सफिल्ड यांनी, दोघांना २००३ चं नोबेल. आत जो ठकठक आवाज येतो तो हे फील्ड बदलणाऱ्या कॉइल हादरतात त्याचा. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना हे जरूर सांगा, एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, रेडिओच्या लाटा असतात. लोखंडी वस्तू, पेसमेकर याबद्दल मात्र टेक्निशियनला आधीच सगळं सांगायचं, कारण तो चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असतो.

तो चुंबक बनतो सुपरकंडक्टर तारेचा, म्हणजे जिला रेझिस्टन्सच उरत नाही अशा तारेचा, द्रवरूप हेलियमनं उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेला. सुपरकंडक्टिव्हिटी का होते यावर ब्लॉखनं तरुणपणी पुष्कळ डोकं लावलं होतं आणि त्याला ते सुटलं नव्हतं, १९५७ मध्ये दुसऱ्या तिघांनी सोडवलं. १९५४ मध्ये तो जिनिव्हाच्या सर्न या कणांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेचा पहिला डायरेक्टर जनरल झाला आणि साधारण वर्षभरात परत स्टॅनफर्डला आला. १९८३ मध्ये झुरिकलाच वारला.

आता ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी. बीएस्सी गोव्यातल्या कुठल्याही चांगल्या कॉलेजात करा, मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, नाहीतर गोवा युनिव्हर्सिटीत, पीएचडीसाठी जेस्ट, गेट, नेट या परीक्षा. पण परीक्षेच्या आधी एक विषय मनापासून शिका, फूरिए अ‍ॅनालिसिस. कुठलीही लाट साध्या साइन-कोसाइनच्या बेरजेत मोडायची कला आहे ती. ब्लॉखला १९२८ चं उत्तर त्यातूनच मिळालं, स्पिन वेव्ह त्यातच लिहितात, आणि एमआरआयचं मशीन कॉइलमधल्या सिग्नलचं चित्र करतं तेही फूरिए करूनच. बारावीची ट्रिग्नॉमेट्री आणि इंटिग्रेशन येत असलं की सुरुवात करता येते, रिझल्ट लागेपर्यंतची सुट्टी पुरते.